व्यापारचिन्हांची वही कोणाच्या हातीं द्यावी ?

व्यापारचिन्ह ही वस्तू आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत रोज येते. फक्त तिच्याकडे कोणी निराळें लक्ष देत नाहीं. सकाळीं दांत घासण्याच्या नळीवर एक नांव असतें, चहाच्या पुड्यावर दुसरें असतें, औषधाच्या बाटलीवर तिसरें असतें. गृहिणी दुकानांत जाऊन माल फोडून पाहत नाहीं. ती नांव सांगते आणि पैसे देते. म्हणजे वास्तविक ती मालाइतकाच त्या नांवावरचा विश्वासहि विकत घेत असते. हा विश्वास ज्याच्या मालकीचा, त्याचा हक्क कायद्यानें टिकतो. परंतु तो आपोआप टिकत नाहीं. ठराविक तारखांना ठराविक कागद दाखल केले तरच टिकतो. मोठ्या कंपन्यांच्या कायदेखात्यांत या तारखांची जी वही पूर्वीं कारकुनाच्या मेजावर असे, ती आज संगणकांत गेली आहे. ती ठेवण्यासाठीं तयार सॉफ्टवेअर विकत मिळतें आणि विकणारेहि पुष्कळ आहेत. त्यांतून निवड कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. इंग्लंडांत व्यापारचिन्हांची सरकारी नोंदवही १ जानेवारी १८७६ रोजीं उघडली, आणि तींतील पहिली नोंद बास नांवाच्या मद्याच्या कारखान्याच्या तांबड्या त्रिकोणाची होती. आपल्याकडे नोंदणीचा पहिला कायदा १९४० सालीं झाला; त्यानंतर १९५८ चा आला, आणि सध्यां चालू असलेला १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलांत आहे. नोंदणीचें मुख्य कार्यालय मुंबईंत असून दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि अहमदाबाद या शहरीं त्याच्या शाखा आहेत. जगांतील सर्व मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकंदर ४५ वर्ग पाडलेले आहेत. साबण एका वर्गांत, औषध दुसऱ्यांत, बिस्किट तिसऱ्यांत. एकच नांव तीन वर्गांत आणि दहा देशांत नोंदवावयाचें म्हटलें कीं तीस हक्क झाले; आणि प्रत्येक हक्काला स्वतःची जन्मतारीख आणि स्वतःच्या मुदती.

या मुदती कशा असतात तें पाहूं. नोंदणी दहा वर्षें टिकते व पुढें दहा-दहा वर्षांनीं तिचें नूतनीकरण करतां येतें. मुदत संपण्यापूर्वीं एक वर्षापासून अर्ज घेतात. संपल्यावर सहा महिनेपर्यंत जादा आकार भरून चालतें. त्यानंतर वर्ष पुरें होईपर्यंत नोंद पुन्हां जिवंत करून घेण्याची विनंती करतां येते. पुढें दार बंद. २०१७ च्या नियमांत संगणकद्वारें नूतनीकरण करण्याची फी दर वर्गास ९,००० रुपये ठेवलेली आहे. ज्या नांवावर शेंकडों कामगारांचीं घरें चालतात, त्या नांवाचा हक्क एवढ्याशा रकमेअभावीं नव्हे, तर ती भरण्याचा दिवस कोणाच्या लक्षांत न राहिल्यामुळें धोक्यांत येतो. आणखी कडक मुदत हरकतीची आहे. आपला अर्ज जर्नलमध्यें प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांच्या आंत कोणासहि हरकत घेतां येते. हरकतीची प्रत हातीं पडल्यापासून दोन महिन्यांच्या आंत आपण उत्तर दिलें नाहीं, तर आपण अर्ज सोडून दिला असें कायदा धरून चालतो. तेथें आजारपण, सुटी, गैरसमज यांपैकीं कोणतीहि सबब चालत नाहीं.

शाळेंत ज्यांनीं कारकुनी पाहिली असेल त्यांस जनरल रजिस्टर ठाऊक असेल. मुलगा शाळेंत आला कीं त्याचें नांव व जन्मतारीख त्यांत चढते, आणि पुढें दाखल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत सारें आयुष्य त्या एका ओळीवर उभें राहतें. रजिस्टर सुबक बांधणीचें आहे कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम. ओळ बरोबर आहे कीं नाहीं हा मुख्य. सॉफ्टवेअर निवडतांना नेमका हाच क्रम उलटतो. विक्रेता पडद्यावर रंगीत आलेख दाखवितो, आणि पाहणारे बांधणीवरच खूष होऊन जातात.

म्हणून सौदा करण्यापूर्वीं एक काम घरींच करावें. आपल्याजवळ काय आहे तें मोजावें. किती चिन्हें, किती वर्गांत, किती देशांत, कोणत्या कंपनीच्या नांवावर, वकील कोण, कोणतीं चिन्हें अजून वापरांत आहेत आणि कोणतीं नुसतीं कागदावर आहेत. पुष्कळदां असें आढळतें कीं चिन्ह अजून विलीन झालेल्या जुन्या कंपनीच्याच नांवावर आहे, किंवा कोणा संचालकाच्या व्यक्तिगत नांवावर आहे. हा घोळ कोणतेंहि यंत्र सोडवीत नाहीं. उलट तो घोळ जास्त नीटनेटका दिसूं लागतो. मोजणी केल्यावर चिन्हें पंधरावीसच निघालीं आणि सर्व भारतांतलींच असलीं, तर महागडें सॉफ्टवेअर घेऊंच नये. साधा संगणकीय तक्ता, दोन वेगवेगळ्या माणसांच्या दिनदर्शिका आणि महिन्यांतून एकदां दोघांनीं समोरासमोर बसून केलेली तपासणी एवढ्यानें काम उत्तम भागतें. देश वाढले, हरकतीचे तंटे वाढले, वकील अनेक झाले, म्हणजे मगच विकत घेण्याचा विचार.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिला पेपर अर्थातच तारखांच्या गणिताचा. भारतांत दहा वर्षें मोजतात तीं अर्जाच्या तारखेपासून. समजा, अर्ज ५ जून २०१७ रोजीं केला आणि नोंद प्रत्यक्ष चढली १२ मार्च २०१९ रोजीं. तर नूतनीकरणाची मुदत जून २०२७ मध्यें येईल. परंतु याच कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणें, नोंद प्रत्यक्ष वहींत चढल्यापासून सतत पांच वर्षें चिन्ह वापरलें नाहीं आणि त्यावर आणखी तीन महिने गेले, तर कोणीहि बाधित व्यक्ति तें काढून टाकण्याचा अर्ज करूं शकते. हें गणित १२ मार्च २०१९ पासून सुरू होतें आणि धोक्याची रेषा जून २०२४ मध्यें येते. एकाच चिन्हाला दोन आरंभ झाले. अमेरिकेंत प्रकार तिसराच. तेथें दहा वर्षें नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. शिवाय पांचव्या व सहाव्या वर्षांच्या दरम्यान चिन्ह वापरांत असल्याचें प्रतिज्ञापूर्वक निवेदन द्यावें लागतें, न दिल्यास सहा महिन्यांच्या सवलतीनंतर नोंद रद्द होते. जें सॉफ्टवेअर 'दहा वर्षांनीं आठवण करीन' एवढेंच जाणतें, तें भारतांत अर्धें आणि अमेरिकेंत पुरतें नापास समजावें. म्हणून विक्रेत्यास आपल्याच दोनचार चिन्हांच्या तारखा द्याव्या आणि मुदती त्याच्या यंत्रास काढूं द्याव्या. आपलीं उत्तरें आधीं कागदावर लिहून ठेवावीं.

दुसरा प्रश्न : कायदे बदलतात, तर यंत्रांतील नियम कोण बदलतो, किती दिवसांत, आणि त्याची जबाबदारी कोणावर ? याचें अलीकडचें मोठें उदाहरण ब्रिटनचें आहे. युरोपीय संघाशीं असलेला त्याचा संक्रमणकाल ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. युरोपीय संघाचें नोंदलेलें प्रत्येक चिन्ह ब्रिटनपुरतें निराळें करून तेथील कार्यालयानें स्वतःच्या वहींत चढविलें. अशा नोंदी सुमारें चौदा लाख झाल्या. रात्रींतून एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, दोहोंचे क्रमांक वेगळे, दोहोंची फी वेगळी, दोहोंचें नूतनीकरण वेगळें. ज्या विक्रेत्याचें सॉफ्टवेअर त्या काळांत चालू होतें, त्यास विचारावें कीं, तुम्हीं गिऱ्हाइकांच्या नोंदी दुप्पट कशा केल्या, केव्हां केल्या आणि त्या तपासल्या कोणीं ? मोघम उत्तर आलें तर तेंहि एक उत्तरच आहे.

माद्रिद करारान्वये मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचीहि गोष्ट तशीच. भारत या व्यवस्थेंत ८ जुलै २०१३ रोजीं सामील झाला. येथील मूळ अर्जावर अनेक देशांतील संरक्षण उभें करतां येतें. पण पहिलीं पांच वर्षें तें सारें मूळ नोंदीवर अवलंबून असतें. मुळावर घाव पडला तर फांद्याहि वाळतात. तेव्हां यंत्रानें मूळ आणि फांद्या यांचें नातें जाणलें पाहिजे. मुंबईतल्या एका हरकतीमुळें परदेशांतले कोणते हक्क हलतील, हें पडद्यावर एका दृष्टिक्षेपांत दिसलें पाहिजे.

तिसरा प्रश्न आठवणीचा. यंत्र आठवण करतें, पण कोणास ? येथें पुष्कळ चांगलीं सॉफ्टवेअरें वाईट रीतीनें वापरलीं जातात. २०१७ च्या नियमांनुसार निबंधकानें ईमेलनें पाठविलेला कागद पाठविल्याक्षणींच पोंचला असें धरलें जातें. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याचा असेल, तर कायद्याच्या दृष्टीनें कागद पोंचला आणि कंपनीच्या दृष्टीनें तो आलाच नाहीं ! म्हणून पत्ता व्यक्तीचा नसावा, पदाचा असावा; आणि आठवण एकास जाऊन थांबूं नये. पहिल्यानें सात दिवसांत कांहीं केलें नाहीं तर ती वरच्या अधिकाऱ्याकडे जावी, तेथेंहि कांहीं न झाल्यास त्याहूनहि वर. 'पाहिलें' आणि 'केलें' या दोन खुणा वेगळ्या असाव्या, आणि 'केलें' ही खूण भरणा झाल्याची पावती जोडल्याशिवाय लागूंच नये.

ही सावधगिरी धाकट्यांनाच हवी असें नव्हे. डिसेंबर १९९९ मध्यें नाताळच्या सुमारास मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या संकेतनांवाची ३५ डॉलरची वार्षिक फी भरावयाची राहिली, आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपल्या पत्रपेटीचें दार उघडेना. शेवटीं एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञानें स्वतःच्या खिशांतून ती फी भरली. संकेतनांव आणि व्यापारचिन्ह या कायद्यानें भिन्न वस्तू खऱ्या. पण दोहोंचा नाश एकाच रीतीनें होतो. म्हणून त्या दोहोंच्या मुदती एकाच वहींत असणें बरें.

चौथा प्रश्न सरकारी नोंदीशीं जोडणीचा. आतां बहुतेक विक्रेते सांगतात कीं, आमचें यंत्र सरकारी संकेतस्थळावरून माहिती आपोआप ओढून घेतें. ही सोय चांगली आहे. पण सरकारी वही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. मार्च २०१६ मध्यें निबंधक-कार्यालयानें थोड्या काळांत फार मोठ्या संख्येनें अर्ज 'सोडून दिलेले' म्हणून ठरविले. आपण उत्तरें वेळेवर दिलीं होतीं, किंवा आपणांस तपासणीचा अहवाल मिळालाच नव्हता, अशा तक्रारी झाल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें त्या आदेशांस स्थगिति दिली. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका प्रकरणांत स्पष्ट केलें कीं, नूतनीकरणाची पूर्वसूचना मालकास न देतां निबंधकास चिन्ह वहींतून काढतां येत नाहीं. या दोन्ही प्रसंगीं ज्याच्याजवळ स्वतःचे कागद तारखेसह जपलेले होते, त्याचीच बाजू बळकट. तेव्हां सॉफ्टवेअरनें सरकारी माहिती आणावी, पण आपल्या माहितीवर ती गुपचूप चढवूं नये. दोहोंत फरक पडला कीं लाल खूण करावी आणि माणसास विचारावें. तसेंच कोणती तारीख कोणीं, केव्हां बदलली याची न पुसतां येणारी नोंद यंत्रानें ठेवावी.

पांचवा प्रश्न पुराव्याचा. आणि माझ्या मतें तो सर्वांत दुर्लक्षित आहे. चिन्ह नोंदविणें ही अर्धी मालकी. तें वापरलें हें सिद्ध करणें ही उरलेली अर्धी. मॅकडोनल्ड्सच्या 'बिग मॅक' या जगप्रसिद्ध नांवाविरुद्ध आयर्लंडमधील सुपरमॅक्स या उपाहारगृहांच्या कंपनीनें तक्रार केली. जानेवारी २०१९ मध्यें युरोपीय संघाच्या कार्यालयानें तें चिन्ह रद्द केलें, कारण वापराचा सादर केलेला पुरावा अपुरा ठरला. अपिलांत पुष्कळ भाग परत मिळाला. तथापि ५ जून २०२४ रोजीं युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानें निकाल दिला कीं, कोंबडीच्या मांसाच्या सँडविचसारख्या कांहीं पदार्थांसाठीं व उपाहारगृहाच्या सेवांसाठीं त्या नांवाचा खरा वापर सिद्ध झालेला नाहीं. जें नांव पोराटोरांना ठाऊक, त्याचीहि ही अवस्था ! जाहिरातीचें कात्रण, वेष्टनाचा नमुना, विक्रीचें बिल हे कागद त्या त्या वर्षीं, त्या त्या मालासह आणि त्या त्या देशासह नोंदीला जोडून ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्यें आहे काय, हें अवश्य पाहावें. आठ वर्षांनंतर असे कागद शोधूं गेल्यास गोदामाची किल्ली सांपडते, कागद सांपडत नाहींत.

सहावा प्रश्न पहाऱ्याचा. व्यापारचिन्हांचें जर्नल दर आठवड्यास प्रसिद्ध होतें. त्यांत आपल्या नांवाशीं जुळतें नांव आलें तर चार महिन्यांत हरकत घ्यावयाची असते. हा पहारा यंत्र ठेवूं शकतें; पण त्यास कान हवेत, नुसते डोळे नकोत. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नांवांचा वाद आला. इंग्रजी अक्षरांत पाहिलें तर दोहोंचा आरंभ अगदीं भिन्न. तरी सामान्य, कमी शिकलेल्या ग्राहकाचा कानावर पडणाऱ्या एकंदर नांवामुळें घोटाळा होणें संभवनीय आहे, असें न्यायालयानें मानलें. आपल्या देशांत तेंच नांव देवनागरींत, गुजरातींत, तमिळांत लिहिलें जातें. 'स' चा 'श' होतो, 'व' चा 'ब' होतो. म्हणून विक्रेत्यास आपल्या नांवाचीं पांच ऐकण्यांत सारखीं पण लिहिण्यांत वेगळीं रूपें द्यावीं आणि किती पकडलीं जातात तें मोजावें.

हल्लीं 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकांत आढळतो. यंत्र पत्र वाचतें, मुदत काढतें, वहींत चढवितें. श्रम वाचतात यांत शंका नाहीं. परंतु माणूस चुकला तर बहुधा गोंधळलेला दिसतो; यंत्र चुकलें तरी तितक्याच आत्मविश्वासानें उत्तर देतें. यास्तव यंत्रानें काढलेली तारीख माणसाच्या मान्यतेशिवाय पक्की होऊं नये, हा नियम करारांतच घालावा.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. किंमत विचारतांना पहिल्या वर्षाची विचारूं नये, पांच वर्षांची विचारावी : दर माणशीं आकार किती, दर नोंदीमागें किती, जुनी माहिती आणून भरण्याचे किती, शिकविण्याचे किती, वाढ दरसाल किती. विक्रेता नूतनीकरणाची फीहि आपल्या वतीनें भरणार असेल, तर सरकारी फी, त्याचें कमिशन आणि परकीय चलनाचा हिशेब हे तीन आंकडे वेगळे दाखवावयास लावावे. आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे सोडून जाण्याचा. ऑक्टोबर २०२० मध्यें या धंद्यांतील सीपीए ग्लोबल ही मोठी कंपनी क्लॅरिव्हेट या कंपनींत सामील झाली. असे मालकीबदल पुढेंहि होतील. उद्यां मालक बदलला, भाव वाढला किंवा तें सॉफ्टवेअरच बंद पडलें, तर आपल्या सर्व नोंदी, जोडलेले कागद आणि बदलांचा इतिहास कोणत्याहि यंत्रास वाचतां येईल अशा साध्या तक्त्यांत, ठराविक दिवसांत, जादा आकाराशिवाय परत मिळतील काय ? हें वचन लेखी घ्यावें आणि खरेदीपूर्वींच एकदां करून पाहावें. लग्नाच्या बैठकींत फारकतीची भाषा अशुभ. कराराच्या बैठकींत तीच शहाणपणाची.

प्रत्यक्ष चांचणीसाठीं विक्रेत्याचे गुळगुळीत नमुने घेऊं नयेत. आपल्या दप्तरांतील सर्वांत अवघड वीस प्रकरणें निवडावीं : एक हरकतींत अडकलेलें, एक माद्रिदचें, एक ब्रिटनमध्यें दुभंगलेलें, एक हस्तांतरणाची नोंद अर्धवट राहिलेलें, एक देवनागरी अक्षरांचें. हीं वीस जें यंत्र नीट पेलील तें उरलेलीं दोन हजार पेलील. निवड झाल्यावर जुनी वही लगेच मिटूं नये. निदान तीन महिने दोन्ही वह्या शेजारीं चालवाव्या, आणि आणलेल्या नोंदींतील प्रत्येक महत्त्वाची तारीख मूळ प्रमाणपत्राशीं ताडून पाहावी. दिवस आणि महिना यांची अदलाबदल हा यांतला नेहमींचा दोष आहे : अमेरिकी पद्धतींत ०५-०६ म्हणजे ६ मे, आपल्या पद्धतींत ५ जून. हें काम कंटाळवाणें असतें, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणीं तें उरकलें जातें.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांचा मोठ्या कंपनीशीं संबंध नसेल. पण घरगुती मसाला, लोणचें, वस्त्रें किंवा शिकवणीवर्ग यांचें नांव नोंदविलेली कुटुंबें आपल्या शहरांत थोडीं नाहींत. त्यांना सॉफ्टवेअर नको. प्रमाणपत्र काढून त्यावरील अर्जाच्या तारखेंत दहा वर्षें मिळवावीं, त्याच्या एक वर्ष आधींचा दिवस घरांतील दोघांच्या दिनदर्शिकेंत लिहावा, आणि अर्जांत दिलेला ईमेलचा पत्ता अजून कोणी उघडतो कीं नाहीं तें आज रात्रींच पाहावें. मोठ्या खात्यांनीं मात्र यंत्र जरूर घ्यावें, पण त्याबरोबर एका माणसाचें नांवहि ठरवावें : वहीची जबाबदारी याची, आणि हा रजेवर असेल तर त्याची. हीं दोन नांवें ज्या कचेरींत कोणासहि विचारतांच सांगतां येतात, तेथें साधें सॉफ्टवेअरहि चांगलें चालतें. आणि जेथें तीं सांगतां येत नाहींत, तेथें सर्वांत महाग सॉफ्टवेअर घेऊनहि चिन्ह सुरक्षित आहे असें म्हणतां येणार नाहीं.